अभिनय करता करता मालिकेची निर्मिती: पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

मराठी मालिकांच्या श्रेयनामावलीत निर्माता म्हणून नटनट्यांची नावं दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. दूरदर्शनवर वर्षानुवर्षं बातम्या वाचणाऱ्या आणि अभिनयही करणाऱ्या स्मिता तळवलकरांनी १९८९ मध्ये ‘कळत नकळत’ या चित्रपटाची निर्मिती केली आणि पुढे ‘अवंतिका’सारखी मालिका उभी केली. महेश कोठारे यांच्या कोठारे व्हिजनने २०१४ मध्ये ‘जय मल्हार’ आणली. श्वेता शिंदे ‘लागिरं झालं जी’च्या निर्मात्या झाल्या, अमोल कोल्हे ‘स्वराज्यरक्षक संभाजी’चे, सुबोध भावे ‘शुभमंगल ऑनलाईन’चे, मनवा नाईक ‘तुमची मुलगी काय करते’च्या, तर शर्मिष्ठा राऊत ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’च्या.

चार-पाच वर्षं सेटवर काढलेल्या, लोक चेहऱ्याने ओळखतात अशा आणि आता स्वतःची मालिका काढावी असं मनात असलेल्या कलाकारांसाठी हा लेख आहे. ओळखीच्या चेहऱ्याला चॅनेलच्या ऑफिसात बसायला खुर्ची लगेच मिळते, एवढा फायदा खरा. त्यानंतर बाजारात तुमचं नाव ठरतं ते महिन्याच्या कुठल्या तारखेला कुणाचे पैसे पोचले यावर. पुढचं सगळं हे मनात ठेवून वाचा.

आधी ठरवा, कुठल्या प्रकारचं निर्मातेपण हवंय

‘निर्माता’ या एका नावाखाली वेगवेगळी कामं येतात. चॅनेलसाठी मालिका करणारा निर्माता दर एपिसोडमागे ठरलेली रक्कम घेतो आणि तेवढ्यात एपिसोड तयार करून देतो. मालिका चॅनेलच्या मालकीची राहते. लाइन प्रोड्यूसर दुसऱ्याच्या मालिकेचं चित्रीकरण ठरलेल्या पैशात पार पाडून देतो. सेट, माणसं, गाड्या, जेवण, परवानग्या सगळं त्याच्याकडे. सहनिर्माता पैसे किंवा मेहनत घालून दुसऱ्याच्या कंपनीत हिस्सा घेतो. आणि स्वतःच्या किंवा गुंतवणूकदाराच्या पैशाने सिनेमा, नाटक, वेब मालिका करणारा निर्माता पूर्ण जोखीम घेतो, पण हक्कही त्याच्याकडे राहतात.

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्याच फटक्यात रोजची मालिका अंगावर घेऊ नये. एखाद्या जुन्या निर्मात्याबरोबर सहनिर्माता म्हणून एक मालिका काढा, किंवा तीन-चार आठवड्यांच्या छोट्या कामाचं लाइन प्रॉडक्शन करा. आठवड्याला सहा एपिसोड प्रक्षेपित होणाऱ्या मालिकेत चूक दुरुस्त करायला मोकळा दिवस मिळत नाही.

सेटची दुसरी बाजू शिकून घ्या

कलाकाराला सेट कॉल टाइमपासून पॅक-अपपर्यंत दिसतो. निर्मात्याचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो, कारण उद्याच्या सीनचं ब्रेकडाऊन तेव्हा निघतं: कोण कलाकार, कुठली खोली, कुठले कपडे, कुठली प्रॉपर्टी (म्हणजे सीनमध्ये लागणारं सामान), दिवसाचा सीन की रात्रीचा. सध्या ज्या मालिकेत काम करताय तिच्या शेड्युलरशी आणि प्रॉडक्शन कंट्रोलरशी मैत्री करा. तुमचा सीन नसेल तेव्हा व्हॅनमध्ये फोन बघत बसण्याऐवजी त्यांच्या टेबलाशी बसा आणि विचारा. आज एका शिफ्टमध्ये किती मिनिटांचं फुटेज निघालं? ठरलं होतं किती? कमी का पडलं?

रोजच्या मालिकेचा साधा ताळा असा, की २०-२२ मिनिटांचा एपिसोड एका दिवसात पूर्ण व्हायला हवा. तेवढं निघालं नाही तर एपिसोडची बँक आटत जाते. बँक म्हणजे पुढच्या तारखांसाठी तयार असलेले एपिसोड. ती आटली की एकाच वेळी दोन युनिट लावावी लागतात. दुसरा दिग्दर्शक, दुसरा कॅमेरा, दुसरी लाइट आणि साउंडची माणसं येतात आणि त्या दिवसाचा खर्च दीडपट-दुप्पट होतो. कलाकार म्हणून आपण अर्धा तास उशिरा पोचलो तर त्याची किंमत कुणाच्या खिशातून जाते, हे या टेबलावर बसलं की आकड्यांत दिसतं.

लेखनाची घडीही पाहून ठेवा. मराठी मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळी माणसं लिहितात. संवाद सेटवर उशिरा पोचले तर सगळं युनिट खोळंबतं. म्हणून चांगले निर्माते लेखकांचे पैसे कधी थकवत नाहीत.

भागीदार आणि कंपनी

यशस्वी अभिनेता-निर्मात्यांकडे नीट पाहिलं तर बहुतेकांच्या जोडीला एक हिशेबी माणूस दिसतो. श्वेता शिंदे यांच्या वज्र प्रॉडक्शनमध्ये संजय खांबे आहेत. शर्मिष्ठा राऊत यांच्या जोडीला तेजस देसाई आहेत. तिकडे हिंदीत रवी दुबे आणि सरगुन मेहता यांनी ‘उडारियां’ मिळून काढली. तुम्ही मेकअपला बसलेले असताना जनरेटरवाल्याचा फोन कुणीतरी उचलायला हवा, आणि निर्णय घ्यायचा अधिकार त्या माणसाकडे असायला हवा.

भागीदार घरचा असो की बाहेरचा, कागद आधी करा. कुणी किती पैसे घातले, सही कुणाची, नफ्याची वाटणी कशी, एकाला बाहेर पडायचं झालं तर काय, हे एलएलपीच्या (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीच्या) किंवा खाजगी कंपनीच्या कागदांत लिहिलेलं असू द्या. स्वतःच्या वैयक्तिक नावावर मालिका घेऊ नका. देणी थकली तर ती थेट तुमच्या घरापर्यंत येतात. कंपनीसाठी वेगळं बँक खातं, जीएसटी, पॅन, टॅन आणि उद्यम नोंदणी एवढं पहिल्या महिन्यात करून घ्या. मालिका आणि सिनेमाची कामं पाहणारा सीए शोधा. दुकानांचे हिशेब लिहिणारा ओळखीचा सीए कितीही प्रामाणिक असला तरी ह्या धंद्यातल्या टीडीएसच्या गुंत्यात तो अडकतो.

निर्मात्यांच्या संघटनेचं सभासदत्व आणि नावाची नोंदणी हीसुद्धा इथलीच पायरी. मराठी सिनेमासाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. मुंबईत चित्रपट निर्मात्यांची इम्पा आणि टीव्ही निर्मात्यांची आयएफटीपीसी आहे.

गोष्ट घेऊन चॅनेलकडे

पंधरा पानांची कादंबरीवजा संहिता नेऊ नका. दोन-तीन पानांची कॉन्सेप्ट नोट लागते: गोष्ट कुणाची, कुठे घडते, रोज संध्याकाळी प्रेक्षकाने ती का पाहावी, आणि पहिल्या तीन महिन्यांचा आलेख काय. त्यांना रस वाटला तर मग पात्रांचं सविस्तर बायबल, पहिल्या काही एपिसोडची पटकथा, लुक टेस्ट आणि कधीकधी पायलट. नोट नेण्यापूर्वी लेखकाच्या नावाने ती स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा आणि लेखकाशी लेखी करार करा. ‘चॅनेलने हो म्हटलं की बघू’ या तोंडी बोलीवर नंतर मैत्र्या तुटतात.

चॅनेलचा स्लॉट ओळखा. संध्याकाळी सहाला घरात कोण टीव्ही लावतं आणि रात्री साडेदहाला कोण, हा फरक गोष्टीत उतरला पाहिजे. ‘देवमाणूस’सारखी गुन्ह्याची गोष्ट सातच्या स्लॉटमध्ये कुणी ठेवली नसती.

इथे अभिनेत्याकडे एक खरी शिदोरी असते: आपला मुलूख. ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडच्या मातीत घडली आणि तिकडेच चित्रित झाली. तिथली बोली, तिथले चेहरे, फौजेत जाणाऱ्या पोरांची गावं, यांमुळे ती मुंबईतल्या दिवाणखान्यांपेक्षा वेगळी दिसली. त्यातला भैय्यासाहेब झालेला किरण गायकवाड पुढे त्याच निर्मितीसंस्थेच्या ‘देवमाणूस’मध्ये मुख्य भूमिकेत आला. नवे चेहरे शोधायचे, त्यांना वाढवायचं आणि पुढच्या कामात बरोबर न्यायचं, हे अभिनयातून आलेल्या निर्मात्याला चांगलं जमतं, कारण ऑडिशनच्या रांगेत उभं राहणं काय असतं हे त्याला ठाऊक असतं. ही जाण निर्माता झाल्यावरही शाबूत ठेवा.

पैशांचं गणित: इथे घाई नको

नवे निर्माते सर्वांत जास्त इथे घसरतात, म्हणून हे सावकाश पाहू. खालचे आकडे हिशेब सोपा जावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या मालिकेचे आकडे वेगळे असतील.

समजा, चॅनेलने एका एपिसोडला २ लाख रुपये ठरवले. महिन्याला २६ एपिसोड म्हणजे ५२ लाख. तुम्ही खर्च १ लाख ८० हजारांत बसवला, तर महिन्याचा खर्च ४६ लाख ८० हजार आणि हातात ५ लाख २० हजार राहायला हवेत. कागदावर छान दिसतं.

आता तारखा पाहा. एपिसोड प्रक्षेपित झाल्यावर महिनाअखेरीस बिल जातं. बिलाचे पैसे ६० दिवसांनी आले, असं धरा. म्हणजे पहिल्या महिन्याचे पैसे तिसरा महिना संपताना येणार. तोवर तुमचे तीन महिन्यांचे खर्च होऊन गेलेले असतात: १ कोटी ४० लाखांच्या आसपास. त्याआधी प्रक्षेपणापूर्वीच्या बँकेसाठी तीन-चार आठवड्यांचं चित्रीकरण झालेलं असतं. ते आणखी ४० लाखांच्या घरात. सेट उभारणीचा खर्च वेगळा. थोडक्यात, महिन्याला पाच लाख मिळवण्यासाठी पावणेदोन-दोन कोटी रुपये आधी फिरते ठेवावे लागतात. करारात आगाऊ रक्कम मिळाली तर हा आकडा खाली येतो, म्हणून दराइतकीच घासाघीस आगाऊ रकमेवर करा.

वर जीएसटी आहे. बिलावर १८ टक्के, म्हणजे ५२ लाखांवर ९ लाख ३६ हजार. मासिक विवरण भरणाऱ्याला तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारकडे भरायचा असतो. चॅनेलचे पैसे आलेले असोत वा नसोत. तुम्ही भाड्याच्या सामानावर, स्टुडिओवर, एडिटवर जो जीएसटी दिलाय तो वजा होतो, पण स्पॉट दादा, ज्युनियर कलाकार, छोटे पुरवठादार यांच्याकडून वजावट मिळत नाही. शिवाय चॅनेल पैसे देताना टीडीएस कापतं आणि तो परतावा म्हणून मिळायला विवरणपत्र भरण्याची वाट पाहावी लागते.

उद्यम नोंदणीचा उपयोग इथे होतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे देणं २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे. नवा निर्माता चॅनेलशी कायद्याच्या भाषेत बोलायला कचरतो, हे समजू शकतं; तरीही करार होण्यापूर्वी हा मुद्दा शांतपणे टेबलावर ठेवायला हरकत नाही.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. कलाकारांना ९० दिवसांनी पैसे देण्याची रीत ह्या धंद्यात मुरलेली आहे. तुम्ही स्वतः ती सोसली आहे. चित्रीकरण केलेल्या दिवसाचे पैसे तीन महिन्यांनी, तेही चार फोन केल्यावर. निर्माता झाल्यावर ही उधारी आपलं भांडवल समजण्याचा मोह होतो. कृपया तसं करू नका. रोजंदारीवरच्या माणसाला त्याच दिवशी किंवा त्या आठवड्यात पैसे द्या, तंत्रज्ञांना महिन्याला द्या, आणि कलाकारांना ९० दिवसांऐवजी ३० किंवा ४५ दिवस सांगून तेवढ्यातच द्या. यासाठी लागणारं व्याज बजेटमध्ये पहिल्याच दिवशी एक स्वतंत्र ओळ म्हणून धरा. त्या ओळीसह मालिका परवडत नसेल तर तो दर घेऊ नका. ज्या निर्मात्याचे पैसे वेळेवर येतात त्याला चांगला कॅमेरामन थोड्या कमी पैशातही तारखा देतो, आणि आजारी दिग्दर्शकाच्या जागी रात्री अकरा वाजता माणूस मिळतो.

करार वाचताना

वकील लावा, आणि स्वतःही एकेक पान वाचा. कॉपीराइट कायद्यानुसार निर्माता म्हणजे कलाकृती घडवण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. पण चॅनेलच्या करारात सगळे हक्क बहुधा त्यांच्या नावे लिहून घेतलेले असतात. दुसऱ्या भाषेतला रिमेक, ओटीटी, पात्रांवरून निघणारं नाटक किंवा सिनेमा, यांतलं काही तुमच्याकडे राहू शकतं का, हे विचारा. पहिल्या मालिकेला बहुतेकदा नाही म्हणतात. निदान रिमेक झाल्यास श्रेय आणि ठरावीक रक्कम मागा.

लेखक आणि गीतकारांशी करार करताना कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती ध्यानात ठेवा. त्यांचा रॉयल्टीचा हक्क करारातून काढून घेता येत नाही. हक्क किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारत धरतो. शीर्षकगीताच्या करारात हे दोन्ही स्पष्ट लिहा.

मग बंद करण्याचं कलम. चॅनेल किती दिवसांची सूचना देऊन मालिका थांबवू शकतं? तेव्हा तयार असलेल्या एपिसोडचे पैसे मिळतील का? सेटचा खर्च किती एपिसोडवर विभागलाय? सेटला २५ लाख घालून ते ३०० एपिसोडवर पसरवले आणि मालिका ९० एपिसोडना बंद झाली, तर साडेसतरा लाख तुमच्या अंगावर राहतात.

स्वतः भूमिका करणार असाल तर

अमोल कोल्हे यांनी ‘स्वराज्यरक्षक संभाजी’त शीर्षकभूमिका केली आणि निर्मितीही. स्मृती इराणी यांनी २००७ मध्ये ‘विरुद्ध’ ही हिंदी मालिका अशीच केली. जमतं, पण त्यासाठी काही बंधनं स्वतःवर घालावी लागतात.

आपलं मानधन बजेटमध्ये लिहा आणि घ्या. ‘माझीच मालिका, मी फुकट करतो’ म्हणणाऱ्याला खरा खर्च कधी कळत नाही, आणि दुसऱ्या मालिकेत दुसरा नट घ्यायची वेळ आली की बजेट फाटतं. सेटवर मेकअप चढला की पैशांचं बोलणं बंद. तो अधिकार ईपीकडे, म्हणजे कार्यकारी निर्मात्याकडे सोपवा, आणि तुमच्यासमोर कुणी बिल आणलं तर त्याला ईपीकडे पाठवा. दिग्दर्शकाने ‘पुन्हा घेऊ’ म्हटलं तर नट म्हणून पुन्हा द्या. घड्याळाकडे पाहून ‘चालेल, पुढे जाऊ’ असं तुम्ही एकदा म्हणालात की त्या दिग्दर्शकाचा सेटवरचा शब्द संपला. सहकलाकारांपेक्षा आधी पोचा. आपल्या पात्राचे सीन वाढवण्याची सूचना स्वतः कधीच करू नका. लेखकांना ती नाकारता येत नाही आणि गोष्ट तिथे वाकते.

पहिल्या मालिकेत मुख्य भूमिका घेण्यापेक्षा पाहुणी किंवा छोटी भूमिका घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. महिन्याला २५ दिवस सेटवर अडकलेला निर्माता चॅनेलच्या बैठकीला जाणार कधी?

जागा, माणसं, कायदा

चित्रीकरणासाठी गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी, मढचे बंगले, ठाण्यात घोडबंदर रोडवरचे स्टुडिओ, मीरा रोड-नायगावचा पट्टा, किंवा मग सातारा, वाई, कोल्हापूर. मुंबईबाहेर जागा स्वस्त पडते, पण मुक्काम, प्रवास आणि जेवण यांची बेरीज केल्याशिवाय स्वस्त म्हणू नका. सरकारी जागांच्या परवानग्यांसाठी राज्याची एक खिडकी व्यवस्था आहे, तिथूनच अर्ज करा.

विम्यावर पैसे वाचवू नका. २०२३ मध्ये चित्रनगरीत एका हिंदी मालिकेच्या सेटला आग लागली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’च्या सेटवर बिबट्या शिरला, तेव्हा तिथे दोनशेच्या वर माणसं होती. अग्निशमन यंत्रं तारीख पाहून भरून घ्या, बाहेर जायच्या वाटा सामानाने अडवू नका, सेटवरच्या प्रत्येकाचा अपघात विमा काढा. एप्रिल-मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा युनिटं गोवा, दमण, हैदराबादला गेली आणि गोव्यातली परवानगीही मे महिन्यात रद्द झाली. दहा-बारा एपिसोडची बँक हातात असेल तर अशा वेळी श्वास घ्यायला तरी जागा मिळते.

बालकलाकार असतील तर २०१७ चे नियम पाळावेच लागतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. बालकलाकारावर आख्खी गोष्ट उभी करण्यापूर्वी लेखकांना हे पाच तास सांगा. त्यानुसार सीन लिहिले जातात.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन मेकअप रूमच्या दारावर लावा. मुलींसाठी स्वच्छ टॉयलेट, कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि रात्रीच्या पॅक-अपनंतर घरापर्यंत गाडी, यासाठी कुणाला मागणी करावी लागू नये. कलाकार असताना ज्या गोष्टींनी तुम्हाला त्रास झाला त्यांची यादी काढा आणि पहिल्या दिवसाआधी ती संपवा.

मालिका सुरू झाल्यावर

दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे मालिका किती लोकांनी पाहिली त्याचे आकडे येतात. पहिल्या गुरुवारी हात थरथरतात, ते साहजिक आहे. एका आठवड्याच्या आकड्यावर ट्रॅक बदलू नका. चार आठवड्यांचा कल पाहा, आणि प्रोमो कसा होता, समोर कुठली मालिका होती, क्रिकेटचा सामना होता का, हेही त्यात मांडा. चॅनेलच्या क्रिएटिव्हने बदल सांगितला तर तो लेखी मागा. सेट किंवा कलाकार वाढत असतील तर वाढीव खर्च कोण देणार, ते चित्रीकरणाआधी ईमेलवर मंजूर करून घ्या. सूचना फोनवर आली असेल तर त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ एवढा दोन ओळींचा मेल पाठवा.

बंद होताना

प्रत्येक मालिका कधीतरी बंद होते. सूचना आली की त्याच दिवशी युनिटला एकत्र बोलावून शेवटची तारीख सांगा, म्हणजे लोकांना दुसरं काम शोधायला वेळ मिळतो. बाहेरच्यांकडून कळू देऊ नका. बाकी देण्यांची यादी काढा: आधी रोजंदारी, मग तंत्रज्ञ, लेखक, कलाकार, मग पुरवठादार, आणि निर्मात्याचा नफा सर्वांत शेवटी. प्रत्येकाला त्याची रक्कम आणि तारीख लेखी द्या. सेटमधलं फर्निचर, पडदे, दारं-खिडक्या यांची मोजदाद करून गोदामात टाका. पुढच्या मालिकेत अर्धं तरी वापरता येतं. चॅनेलकडून शेवटच्या बिलाची मंजुरी आणि ना हरकत पत्र घ्या, टीडीएसची प्रमाणपत्रं गोळा करा, बालकलाकारांच्या ठेवींच्या पावत्या त्यांच्या पालकांच्या हातात द्या, आणि शेवटचा चेक वटल्यावर मगच पुढची कॉन्सेप्ट नोट घेऊन चॅनेलकडे वेळ मागा.